पारूआत्याचा डावा पाय

"घाल की लाथ! आगं घाल! मानूस मराय लागलाय आन तू नुसती बगत काय हुबी ऱ्हायलीस?"

बबनअण्णा पारूआत्याच्या ओट्यावर पालथा पडून ओरडत होता. अण्णा म्हणजे आमच्या माले गावातली भारी असामी. गळ्यात बैलाच्या कासऱ्याएवढी साखळी, रस्त्याकडेची निम्मी जमीन प्लॉट पाडून विकलेली, आणि आवाज असा की तो माल्यात खोकला की पौडातली पाखरं उडायची. तो अण्णा सदरा मानेपर्यंत गुंडाळून, आपली पायरीएवढी रुंद पाठ उघडी टाकून, एका बाईला लाथ घाल म्हणून विनवत होता. आणि ती बाई कमरेवर हात ठेवून त्याच्या वरच्या पट्टीत ओरडत होती, "न्हाई घालनार! आदी उताना हो! कुटं दुखतंय ते बोटानं दाव!"

"पाठीत! छातीत! समदीकडं! उसण भरलीया म्हनतोय न्हवं!"

"बोटानं!"

अण्णा कण्हत कुशीवर वळला, हात उचलला, पण त्यातून बोट काही वेगळं निघेना. अख्खा पंजाच छातीवर जाऊन पडला. कपाळावर घाम होता, आणि तो दिवस तर शेकोटीचा.

आत्याचा आवाज एकदम खाली आला. आत्याचा आवाज खाली येणं ही आमच्याकडं ग्रहणासारखी गोष्ट. क्वचित होते आणि झाली की कुत्रीसुद्धा गप्प बसतात. ती म्हणाली, "दत्तू, जीप काढ."

दत्तू म्हणजे मी. माझी ताम्हिणी ते पौड वडापची जीप. कारखान्यानं तिच्यात नऊ माणसांची सोय केली होती आणि मी तिच्यात एकवीस माणसं नेलेली आहेत, बोकड वेगळा. त्या दिवशी मात्र एकटा अण्णा नेला. तो वाटभर पंजा छातीवर ठेवून ओरडत होता, "लाथ न घालता हाकललं मला! आत्याला माज आलाय!"

आता हे लाथेचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर पुण्याच्या वेशीवरच्या भूगावपलीकडचे वाचक आम्हाला वेडे समजतील. तसे ते समजतातच, पण निदान नीट माहिती घेऊन समजावेत.

आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेलं माणूस म्हणजे पायाळू. पाठीत किंवा बरगडीत उसण भरली, म्हणजे शीर धरून कळ मारायला लागली, की पायाळू माणसानं डाव्या पायानं तीन लाथा घालायच्या, उसण पळते. पारूआत्या पायाळू होती. नुसती पायाळू नव्हे. तिचा डावा पाय जगात पहिल्यांदा आला तोच सुइणीच्या हनुवटीवर बसला आणि सुइणीची जुनी दाढदुखी जागच्या जागी थांबली. ही हकिगत मी आत्याच्याच तोंडून ऐकली आहे, आणि प्रत्येक वेळी ती दाढदुखी आणखी काही वर्षांनी जुनी झालेली आहे.

सरपंचापासून फौजदारापर्यंत कुणालाही भरदिवसा, चारचौघांत लाथ घालायची मुभा असलेली अख्ख्या मुळशीतली ती एकटी बाई. लोक ओट्यावर रांग लावून आपापल्या पाठी उघड्या करायचे आणि जाताना नारळ ठेवायचे. तिच्या घरात कालवणापासून चहापर्यंत सगळ्यात खोबरं असे. चहाचं मी थोडं वाढवून सांगतोय, कालवणाचं नाही.

भूगावच्या बाराव्या मजल्यावर राहणारा, मूळचा बीडकडचा एक इंजिनिअर एकदा आला होता. संगणकापुढं बसून बसून त्याची पाठ धरलेली. मनगटावर छातीचे ठोके मोजणारं घड्याळ. त्यानं शंका काढली, "मावशी, याला काही शास्त्रीय बेस आहे का?"

"बेस हाय की," आत्या म्हणाली. "हितं वाक."

तो वाकला. लाथ बसल्यावर घड्याळानं असा काही आकडा दाखवला की पुण्यात कामावर असलेल्या त्याच्या बायकोच्या फोनवर घंटा वाजली. पण पाठ मोकळी झाली हे त्यानं कबूल केलं. पुढं त्याच्या ऑफिसातली अर्धी मंडळी शनिवारी येऊ लागली.

पायाळू माणसावर वीज पडते असंही आमच्याकडं मानतात. त्यामुळं आभाळ गडगडायला लागलं की आत्याच्या शेजारी कुणी उभं राहत नसे. तिचा नवरा धोंडिबासुद्धा हळूच म्हशीकडं सरकायचा. हा धोंडिबा म्हणजे न बोलणाऱ्यांचा राजा. दिवसभराचं त्याचं बोलणं आगपेटीत भरलं तरी काड्यांना जागा उरली असती. दोघांच्या वाटणीचं आत्याच बोलायची. "भूक लागली का? गुडघा दुखतोय का? म्हशीनं पान्हा चोरला का? पोराचा फोन आला का?" धोंडिबा मान हलवायचा, उभी किंवा आडवी. चाळीसएक वर्षांचा संसार त्यांनी एकीच्या प्रश्नांवर आणि दुसऱ्याच्या मानेवर चालवला. एकदा चिंचेवर खरंच वीज पडली, आत्यापासून हाकेच्या अंतरावर. आत्या पदर खोचून आभाळाकडं बघून ओरडली, "नेम धरता येत न्हाई व्हय रं!"

अशी बाई. मग तिनं अण्णाला लाथ का घातली नाही?

भिकूमुळं.

भिकूचा ताम्हिणीत धाबा होता. ताम्हिणीचा पाऊस तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो: तिथं श्रावणात मासे रस्ता ओलांडताना दोन्हीकडं बघून ओलांडतात. तशा पावसात भिकू एका टेम्पोतून उतरून आत्याच्या ओट्यावर आला. भिजलेला, वाकलेला. "आत्या, उसण भरलीया." आत्यानं नेहमीप्रमाणं विचारलं, कुटं? भिकूनं शपथ घेतल्यासारखा सगळा पंजा छातीवर ठेवला. आत्यानं त्याला पालथा झोपवून तीन लाथा घातल्या. भिकू उठला, "मोकळं वाटलं" म्हणाला, भाकरी खाल्ली, एक विनोदही केला. आणि दुधाच्या गाडीनं परत वर निघाला. घाटात दरड आली होती. गाडी अडकली, फोनला रेंज नाही, पाऊस डोळे उघडू देईना. भिकू सीटवर बसल्या बसल्या गेला. ती उसण नव्हतीच, हार्टअटॅक होता, हे नंतर पौडच्या डॉक्टरांनी सांगितलं.

लोकांनी आत्याची समजूत घातली. तुझी काय चूक, तुला काय ठाऊक, त्याची वेळच भरली होती. आत्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एकच सांगितलं, "माज्याकडं यायला त्याला वाट घावली. तसाच म्होरं गेला असता तर पौड गाठलं असतं. त्यो का थांबला? मी मधी हुते म्हून थांबला."

धोंडिबाची मान उभीही हलली नाही आणि आडवीही.

तेव्हापासून आत्याला बसवेना. पूर्वी ओटा सोडून न हलणारी बाई दिवसभर रस्त्यानं फिरायला लागली, आणि माणसांच्या तोंडाकडं न बघता हातांकडं बघायला लागली. भिकूचा पंजा तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. त्यावरून तिनं एक कायदा करून टाकला. दुखणं बोटानं दाखवलं तर ती उसण, आणि त्यावर लाथ. पंजानं दाखवलं तर लाथ नाही, माझी जीप आणि पौडचा दवाखाना. या कायद्याला ना डॉक्टरांची सही होती ना सरकारचा शिक्का, आणि तो चुकायचाही भरपूर. गावातल्या एका जावळात परातभर वांग्याची भजी एकट्यानं संपवलेल्या एका पाहुण्याला तिनं फरफटत जीपमध्ये घातलं. पाहुण्यानं पौडाच्या अलीकडंच अशी एक ढेकर दिली की माझी काच खाली आली, आणि माणूस बरा झाला. निवडणुकीत एक उमेदवार आमच्या पारावर आला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "मायबाप हो, मी तुमचाच!" मागून आत्या किंचाळली, "दत्तू, जीप काढ!" तो बिचारा गर्दीतून सुटेपर्यंत त्याचे दोन कार्यकर्ते जीपमध्ये बसलेसुद्धा होते.

लोक हसायचे. आत्याला हसू यायचं नाही. "हसा," म्हणायची. "धा ढेकरा पौडाला गेल्या तरी चालतील. एक भिकू माघारी जाया नगं."

आणि मग अण्णा आला. पौडच्या दवाखान्यात आम्ही पोचलो तर अण्णाचा छातीवरचा पंजा बघूनच दारातल्या सिस्टरनं त्याला आत घेतलं. बूट काढायच्या आत वायरी लावल्या, कागद बाहेर आला. तोवर अण्णाच्या पोरानं पुण्यातून दहा ठिकाणी फोन फिरवले होते. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात आमच्या स्वागताला दारात खुर्ची घेऊन माणसं उभी, जशी लग्नात वरबापासाठी असतात. अण्णाच्या छातीत जाळी बसली. चार दिवसांत अण्णा घरी, आणि पंधरवड्यात पांढरे बूट घालून रस्त्यानं फेऱ्या मारत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, "परदेशी हाय, परदेशी! माज्या छातीला आता गंज न्हाई!"

त्यानं आत्याला साडी दिली, सगळ्या गावादेखत पाया पडला, डाव्या पायाच्या. गावाला वाटलं, आता आत्या निवेल. कशाची निवते! ती आणखीच तळमळायला लागली. माझ्या जीपच्या बॉनेटवर हात आपटून मला म्हणाली, "दत्तू, भिकूची छाती न् अण्णाची छाती निराळी हाय व्हय रं? अण्णाच्या हाकेला तुजी जीप हाय, पोरगा शहरात हाय, खिशात इम्याचं कार्ड हाय. भिकूच्या दारात काय हुतं? धबधबा!"

मी हॉर्न वाजवला.

माझी बायको मंदा मात्र बोलली. ती आत्याला भीत नसे, कारण तिला कधी उसण भरली नव्हती. एकदा ओट्यावर शेंगा फोडत असताना म्हणाली, "आत्या, तुमच्या ह्या पंज्याच्या कायद्यात बाप्येच सापडत्यात. एक तरी बाई घातलीत का जीपमदी?"

आत्या विचारात पडली. बायकाही यायच्या तिच्याकडं. दम लागतोय, मळमळतंय, खांदा भरून आलाय, अंगात जोर नाही असं सांगायच्या. आत्या त्यांना तेल चोळून द्यायची, "पित्त हाय" म्हणायची, कोकमाचं पाणी द्यायची आणि घरी पाठवायची.

"बाया छातीवर हात ठिवत न्हाईत," आत्या म्हणाली.

"हात मोकळा असाय नगं व्हय ठिवायला?" मंदा म्हणाली आणि शेंगांचं सूप उचलून आत गेली.

नंतर पाऊस गेला, भातं काढणीला आली आणि ते तेवढ्यावरच राहिलं.

खळ्यावर भात झोडायचे दिवस. आत्या दोन्ही हातांनी पेंढी धरून फळीवर आपटत होती, आणि तिच्या हनुवटीखालून डोक्यावर फडकं बांधलेलं होतं. मी हसलो. "आत्या, हे काय? मुंडावळ्या खाली सरकल्या का?"

"दाढ ठनकतीया."

"कवापास्नं?"

"काल. गप जा."

पांढरे बूट घालून अण्णा तिथून चालला होता. तो ओरडला, "आत्या, दाढंला लाथ घाल की! तुज्या सुइनीची गेली हुती न्हवं?" सगळं खळं हसलं. आत्याही हसली, पण पेंढी टाकून खाली बसली. बसली आणि पुन्हा उठली. पाण्याची कळशी आणायला गेली ती वाटेत दोनदा टेकली. म्हणाली, वाईच मळमळतंय, पित्त असंल. कुणीतरी कोकम दिलं. धोंडिबा पेंढ्या रचत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच माझ्या जीपमध्ये येऊन बसली. पौडात दातांचा एक तरुण डॉक्टर आहे. त्यानं बॅटरी मारून आत बघितलं आणि म्हणाला, "आजी, दात एकदम छान आहेत तुमचे. दाढेला काही झालेलं नाही."

"मग ठनकतीया का?"

"दुसरीकडची कळ असेल. मोठ्या डॉक्टरांना दाखवून घ्या."

आत्याला राग आला. जिच्या पायानं सुइणीची दाढ बरी केली तिला हा कालचा पोरगा दाढेतलं सांगणार! बाहेर येऊन ती त्याच्या शिक्षणाविषयी जे बोलली ते इथं लिहिता येत नाही. तरी मी तिला त्याच दाराशी नेली जिथं अण्णाला नेला होता. तीच सिस्टर होती. तिनं अगदी नीट विचारलं, "आजी, छातीत दुखतंय का?"

"न्हाई."

"मग काय होतंय?"

"दाढ. आन मळमळतंय."

"जागरण झालंय का? जेवण वेळेवर घेता का?"

"सुगी हाय बाई."

सिस्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या. आत्या खोटं बोलली नव्हती आणि सिस्टरनं चुकीचं ऐकलं नव्हतं. अण्णानं त्या दारात छाती आणली, म्हणून छातीला वायरी लागल्या. आत्यानं दाढ आणली होती. दाढेला वायरी कोण लावणार?

आत्या तशीच परत येऊन खळ्यावर उभी राहिली. भात काय कुणासाठी थांबतंय!

तिसऱ्या दिवशी दुपारी मंदाच धावत आली. "अवो, आत्या खळ्यात पडल्यात!" मी गेलो तर आत्या पेंढ्यांवर बसलेली, ओठ निळसर, अंगावर घाम, आणि तरीही धोंडिबाला सांगत होती, "म्हशीला पानी दावा." आम्ही तिला पुढच्या सीटवर बसवलं. मागं धोंडिबा आणि मंदा. तीच जीप, तोच रस्ता, तेच खड्डे. पौडातल्या डॉक्टरांनी या वेळी वायरी लावल्या, कागद बघितला आणि बोलायच्या आधी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, थांबू नका, पुण्याला न्या, ॲम्ब्युलन्स दुसरीकडं गेलीय, तिची वाट बघू नका. पुण्याहून कोणी पुढं फोन करणारं नव्हतं. आत्याचा पोरगा गुजरातेत ट्रकवर होता. मंदानं अण्णाला फोन लावला. अण्णा पोराला लावतो म्हणाला. पोरगा मीटिंगमध्ये होता.

भूगावला आम्ही अडकलो. रोजच अडकतो आपण तिथं. पुढं सिमेंटचे ट्रक, मागं शाळेच्या बसा, दोन्हीकडं उंच उंच इमारती आणि त्यांच्या बाल्कन्यांत वाळत घातलेली धुणी. मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. लोक शिव्या देत होते, मीही देत होतो. आत्याचं दाढेचं फडकं सुटून गळ्यात आलं होतं. श्वास तुटक तुटक येत होता. डोळे मात्र तेच, भिरभिरणारे, माणसांच्या हातांवरून फिरणारे.

शेजारी एक मोटरसायकलवाला थांबला होता. पाठीवर ऑफिसची बॅग, डोक्यात हेल्मेट. मोबाइल खिशात टाकून त्यानं वरून थोपटला, आणि त्याचा पंजा तसाच छातीवर राहिला. आत्यानं ते बघितलं. तिनं हात उचलला, त्याला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही, आणि काचेवर बोटानं टकटक केली. त्या पोरानं हेल्मेटची काच वर करून आत बघितलं.

"कुटं दुखतंय रं?" आत्यानं विचारलं.

त्याला ऐकू गेलं नसणार. तो कानाशी हात नेऊन "काय?" म्हणाला, एवढ्यात पुढचा ट्रक हलला, आणि मी जीप रेटली.

मोठ्या दवाखान्यात दारात कुणी खुर्ची घेऊन उभं नव्हतं. मी आणि धोंडिबानं तिला उचलून आत नेली. उचलली तेव्हा ती हलकी लागली, आणि या बाबतीत मी काहीही वाढवून सांगत नाही. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी सगळं केलं, संध्याकाळपर्यंत केलं. मग बाहेर येऊन मंदाला म्हणाल्या, अटॅक दोन दिवसांपूर्वीच येऊन गेला होता. बायकांत असं होतं, छातीत दुखतच नाही कधी कधी; जबडा दुखतो, मळमळतं, दम लागतो. लवकर आणायला हवं होतं.

आत्याचं तेरावं आलं. मांडवात निम्मी मुळशी बसलेली. उघड्या केलेल्या सगळ्या पाठी आता सदऱ्यांत. भूगावचा इंजिनिअर आला होता, भिकूची बायको ताम्हिणीहून आली होती. अशा वेळी जो बोलतो तोच बोलला. बबनअण्णा उठून उभा राहिला. डोळे लाल, गळ्यातली साखळी हलत होती. रडतही होता आणि ओरडतही होता.

"दोन दिस! दोन दिस बाई फडकं बांदून फिरत हुती! मला हिनं वाचवला, आन हिला कोनी बगितलं न्हाई? आरं धोंडिबा, तू तर घरात हुतास! एकाच ताटातलं खाताय दोगं! तुला साधं इचारता आलं न्हाई तिला, कुटं दुखतंय म्हून?"

धोंडिबा मांडवाच्या कडेला म्हशीच्या दाव्याला गाठ मारत होता. गाठ पुरी केली, ओढून बघितली.

"इचारायचं काम तिचं हुतं," तो म्हणाला.